भिवाआबांचं घोंगडं

भिवाआबांचं घोंगडं कुत्र्यानं पळवलं नव्हतं. ते मी धुतलं होतं.

एवढं साधं वाक्य तोंडातून निघायला मला फार उशीर झाला. आमच्या बारामतीच्या कॉलनीत आजही काही जणांना वाटतं, की मुकादम नावाच्या कुत्र्यानं ते घोंगडं तोंडात धरून कालव्याकडं नेलं. काहींनी तर नेताना पाहिलंय. मी रचलेली गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहणारे साक्षीदार मला न मागता मिळाले आणि मी एकालाही अडवलं नाही. इंदापूर रस्त्याला माझं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला नळीची जाडी मी कधी वाढवून सांगितली नाही. फिल्टर गळका निघाला तर स्वतः शेतावर जाऊन बदलून दिला. पण एक खोटं बोललो, आणि बोललो ते अशा माणसाशी, ज्याला खोटं ऐकायची सवयच नव्हती. त्यांची सगळी हयात जनावरांत आणि कापडांत गेलेली.

भिवाआबा मूळचे वरकुट्याचे. घरात एके काळी मेंढरं होती. आबांच्या वडिलांनी म्हातारपणी कळप विकला आणि होता त्या तुकड्यात ऊस लावला. आबा स्वतः जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर म्हणून लागले. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या आणि डॉक्टर सुई टोचत असताना बैलाचं मुंडकं धरायचं, ही नोकरी. डॉक्टर बदलून जात, आबा तिथंच राहत, म्हणून लोक आबांनाच डॉक्टर म्हणत. निवृत्त झाल्यावर ते आमच्या शेजारच्या बैठ्या घरात एकटेच राहायला आले. मुलगा, सून, नात गावाकडंच. गाव का सोडलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "समदीकडं ऊस झाला. कापड वाळत घालायला मोकळी जागा न्हाय राहिली."

मी हसलो. आबा हसले नाहीत.

कॉलनीत गुरं नव्हती. मग आबांनी आपला दवाखाना कपड्यांकडं वळवला. त्यांच्या लेखी कापड हे जनावरच होतं. सुती लुगडं म्हणजे गाय. पोटभर पाणी पिणार, कितीही राबवा, तक्रार नाही. रेशीम म्हणजे घोडी. तिला भर उन्हात बांधायचं नाही आणि तिच्या अंगावर ओरडायचंही नाही. लोकर म्हणजे अर्थातच मेंढरू, आणि मेंढराच्या बाबतीत आबा कुणाचंही ऐकत नसत. रंग जाणाऱ्या कापडाला ते 'हगवण लागली' म्हणत. कसर लागली की 'गोचीड झाल्यात'. खळ घालणं म्हणजे खुराक. तपासायची पद्धतही ठरलेली. कापडाचा कोपरा, म्हणजे कान, चिमटीत धरायचा, डोळे मिटायचे, मग नाकाशी न्यायचा आणि मालकिणीला विचारायचं, "पाणी कवा पाजलं हुतं? कुणाच्या संगतीत हुतं?"

"आणि टेरिकॉट, आबा?" मी एकदा विचारलं.

"त्याला आईबाप न्हाईत," आबा म्हणाले. "ते आजारी पडत न्हाय आन् मरत बी न्हाय. त्याला दवाखान्यात कशाला आणायचं?"

माझ्या सगळ्या पँटी टेरिकॉटच्या. आबा माझ्याशी बोलताना कमरेच्या खाली बघत नसत.

आबा शेजारी राहायला आले त्याच आठवड्यात त्यांची ओळख झाली. माझी बायको वैशाली मागच्या अंगणात तिच्या आईनं दिलेली सुती साडी पिळत होती. पिळायला तिला आवडतं. दिवसभराचा राग ती पिळण्यात काढते, असं मला वाटतं. एवढ्यात कुंपणापलीकडून आरोळी आली, "अवो, मान सोडा तिची! मरंल ती! सोडा म्हणतो ना!" त्या दिवशी समोरच्या देशमाने काकूंचा नवा जावई पाहुणा आला होता. तो बिचारा हातातली चहाची बशी घेऊनच धावत आला. त्यानं आमचं दार ढकललं, घरातून मागच्या अंगणात गेला आणि वैशालीला म्हणाला, "ताई, शांत व्हा. जे असेल ते बसून बोलू." वैशालीच्या हातात साडी, जावयाच्या हातात बशी. आबा कुंपणावरून मान काढून जावयाला सांगत होते, "पिळायची न्हाय. उचलायची, निथळू द्यायची. तिला दम लागतो."

जावई पुन्हा त्या घरी राहायला आला नाही. काकूंनी त्याचा दोष आबांना दिला. आबा म्हणाले, "बशी सांडली न्हाय त्याची. चांगला पोरगा हाय."

त्यानंतर वैशालीनं पिळणं सोडलं नाही, पण न्हाणीघराचं दार लावून पिळू लागली. लाल नवा टॉवेल आणला, तेव्हा मात्र ती स्वतःहून कुंपणाशी गेली. आबांनी लांबूनच विचारलं, "नवं हाय? कळपात सोडू नका. येगळं बांधा." मग तो टॉवेल आबांच्या बादलीत, मिठाच्या पाण्यात गेला. पाणी लालभडक झालं. आबांनी बादलीत डोकावून समाधानानं मान हलवली. "बघा, पोटात घेऊन आलं हुतं बाजारातनं." पुढं काही दिवस तो टॉवेल त्यांच्या पेरूच्या झाडाला एकटाच लटकत होता, आमच्या दोरीकडं तोंड करून. "ओळख हुंद्या," आबा म्हणत. "एकदम सोडलं की मारामाऱ्या हुत्यात."

त्यांचं सगळंच बरोबर निघायचं असं नाही. देशमाने काकूंच्या लग्नातल्या इरकलीला कसर लागली, तेव्हा आबांनी कसलासा लेप लावला. त्यात हळद किती असावी याचा अंदाज त्यांनी बहुतेक म्हशीच्या मापानं घेतला. इरकल पिवळी झाली. काकू ती घेऊन रस्त्यावर उभ्या राहिल्या, कारण घरात त्यांचा आवाज मावत नसे.

"भिवाआबा! ही बघा तुमची करणी!"

आबांनी कान धरला, डोळे मिटले. "कावीळ," ते म्हणाले.

"कावीळ तुम्हाला झालीय! माझी साडी हिरवी होती!"

"बरी हुईल. सावलीत ठिवा. चिडचिड करू नका तिच्याम्होरं."

इरकल बरी झाली नाही. आबा मात्र पुढं बरेच दिवस सकाळी काकूंच्या दारात जाऊन तिची तब्येत विचारायचे. काकू दार आपटायच्या. एक दिवस त्यांनी दार आपटायचं सोडून आबांना चहा दिला. म्हणाल्या, "माझ्या दुखण्याला एवढ्या फेऱ्या कुणी मारल्या नव्हत्या."

आता घोंगड्याकडं यायलाच हवं. मी मुद्दाम लांबवत होतो.

ते काळं होतं, काठाला पांढरी रेघ. आबांच्या वडिलांनी कळप विकला, त्याच्या आधी कातरलेली ती शेवटची लोकर. घरीच कातलेली. ते विणणारा माणूसही आता नाही. त्याला आबांनी कधी साबण लावला नव्हता. उन्हात टाकायचे, काठीनं हलकेच झटकायचे, लिंबाच्या पाल्यात ठेवायचे. आणि हिवाळ्यात भल्या सकाळी शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर दवानं भिजलेल्या गवतात पसरायचे. याला ते 'घोंगडं चारायला सोडणं' म्हणत. "कुठं निघालात, आबा?" "चारून आणतो." घोंगडं चरत असताना राखणीला मुकादम असे. तो कॉलनीतला भटका कुत्रा. इतर लोक काम करत असले की समोर बसून नुसतं बघत राहायचा, म्हणून आबांनीच त्याला हे नाव दिलेलं. आबा त्याला रोज सकाळी अर्धी भाकरी घालत. राखण करता करता तो घोंगड्यावरच झोपायचा.

त्या वर्षी आबांच्या नातीचं, नंदाचं लग्न ठरलं. तयारीसाठी आबा वरकुट्याला निघाले. गावच्या घरात लग्नाची धांदल आणि इथल्या घरात रंगकाम, म्हणून घोंगडं घेऊन ते आमच्याकडं आले.

"प्रकाशराव, हे तुमच्यापाशी ठिवतो. नंदीच्या लग्नाला लागायचं हाय. आमच्यात नवरा-नवरीला घरच्या मेंढरांच्या घोंगड्यावर बसवत्यात. पोराचं लगीन बी ह्याच्यावरच लागलं."

"निर्धास्त राहा, आबा. काय करायचं ते सांगा."

"काय करायचं न्हाय. त्येवढंच करायचं."

हे मला जमलं नाही. मी स्वभावानं काहीतरी करणारा माणूस आहे. कुणी विश्वास टाकला, की मला त्याच्यासाठी काहीतरी जास्तीचं करावंसं वाटतं. वैशाली माहेरी अंथुर्ण्याला गेली होती, घरात मी एकटा आणि ते घोंगडं. त्याला वास येत होता. मेंढराचा, धुराचा, पावसात भिजून वाळल्याचा. मला वाटलं, लग्नात चारचौघं जवळ बसणार, नवरदेवाकडचे नाकं मुरडणार. आपण स्वच्छ करून दिलं तर आबांना किती आनंद होईल! हे मी खरोखर, अगदी मनापासून ठरवलं. त्यामुळंच त्याची लाज जास्त वाटते.

आमच्याकडं नवं वॉशिंग मशीन आलं होतं. त्यावर लोकरीच्या कपड्यांचं एक बटण होतं. मी ते पाहिलं. पण स्वेटरचं बटण ते, घोंगड्यासारख्या दणकट वस्तूला ते नाजूक वाटलं. मी गोधड्या-चादरींचं बटण दाबलं, पाणी कडकडीत ठेवलं, पावडर सढळ हातानं टाकली आणि वर वैशालीचं मोगऱ्याच्या वासाचं औषध ओतलं. मशीन बराच वेळ धडधडलं. मी चहा करून समोर खुर्ची टाकून बसलो होतो. इतकं समाधान मला क्वचितच वाटलं असेल.

झाकण उघडलं तर आत घोंगडं नव्हतं. तळाशी एक काळा, जाड, गुबगुबीत चौकोन बसला होता. शाळेतल्या पोराला बसायला पुरेल एवढा. मी तो बाहेर काढून जमिनीवर उभा केला. तो उभा राहिला. भिंतीला न टेकता.

मग मी ते ओढलं. पाय लावून ओढलं. एक टोक खिडकीच्या गजाला बांधून दुसऱ्या टोकाला ठिबकच्या नळीचं भेंडोळं लटकवलं आणि देवाचं नाव घेऊन दुकानात गेलो. संध्याकाळी येऊन पाहिलं, तर एका कोपऱ्यातून शेपटीसारखं काहीतरी लांब बाहेर आलं होतं. बाकी चौकोन जसाच्या तसा. तेवढ्यात वैशाली माहेराहून आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं विचारलं, "हे काय मारलंत?"

मी सांगितलं. तिनं तो चौकोन बोटानं दाबून पाहिला. मग म्हणाली, "आबा आले की पहिल्यांदा सांगून टाका."

"सांगतो," मी म्हणालो. आणि सकाळी ते खताच्या रिकाम्या गोणीत भरून दुकानात नळ्यांच्या मागं ठेवून आलो.

आबा आले ते थेट आमच्या फाटकाशी. खांद्यावर पिशवी, चेहऱ्यावर लग्नघरचा आनंद. "आणा आमचं घोंगडं. उद्या सकाळी चारतो जरा, उपाशी आसंल."

मी तोंड उघडलं. काय बोलायचं ते पाठ केलेलं होतं. त्याच क्षणी फाटकासमोरून मुकादम निघाला होता, आपल्या कामानं, शेपूट वर करून. माझा हात आपोआप त्याच्याकडं गेला.

"आबा, ह्यानं नेलं ओढून. मी उन्हात टाकलं होतं..."

मला वाटलं होतं, आबा हळहळतील आणि विषय संपेल. पण आबा तीस-पस्तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढलेला माणूस. त्यांनी रीतसर चौकशी लावली. मुकादमला पेरूखाली बसवलं, जबडा उघडला, बोट घालून दाढांच्या फटी तपासल्या. पंजे पाहिले. अंगावरचे केस उलटे करून पाहिले. आणि मुकादमच्या अंगावर काळी लोकर सापडली.

सापडणारच होती. तो रोज सकाळी त्याच घोंगड्यावर झोपत होता. पण हे आठवायला त्या वेळी कुणी तयार नव्हतं, आणि ज्याला आठवत होतं तो गप्प उभा होता. देशमाने काकू म्हणाल्या, "मला पहिल्यापासूनच त्याची नजर बरी वाटत नव्हती." कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला म्हणाला, कालव्याच्या बाजूला जाताना आपण पाहिला. आबा त्या कुत्र्याच्या तोंडाकडं बघत राहिले. "राखणीला ठिवला हुता तुला," एवढंच म्हणाले.

शिक्षा ठरली हद्दपारीची. कन्हेरीला आबांचा भाचा ऊस करतो, त्याच्या वस्तीवर सोडायचं. आणि न्यायचं कुणी? "प्रकाशराव, तुमची गाडी काढा." मी स्कूटर चालवत होतो, मागं आबा, आणि आमच्या दोघांच्या मध्ये मुकादम. त्या निरपराध प्राण्यानं वाटभर माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवली होती. मी आरशात पाहिलं नाही.

तेव्हापासून आबा कालव्याच्या भरावावरून फिरू लागले. झुडपांत काठी घालून बघायचे. एकदा मी दुकानाकडं जाताना त्यांना पाहिलं. ते थांबले होते आणि जिभेनं टाळूवर वाजवून हाक देत होते, मेंढरांना देतात तशी. मला पाहून जरा ओशाळले. "म्हायती हाय मला, त्याला पाय न्हाईत," ते म्हणाले. "पर हाक माराया काय जातंय?"

मी तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "आबा, ऊन फार आहे. टोपी घाला."

लग्नाच्या आदल्या दिवशी नंदाचा फोन आला. रडत होती. "काका, आबा लग्नाला येणार न्हाईत म्हणत्यात. घरचं घोंगडं राखता आलं न्हाय, मी कुठल्या तोंडानं मांडवात बसू, म्हणत्यात. बाबांनी बाजारातनं दुसरं आणलंय, तर आबा म्हणाले, त्याच्यावर पाव्हण्यांना बसवा. तुमी समजवा ना. तुमचं ऐकत्यात ते. सारखं सांगत असत्यात, प्रकाशरावांसारखा सरळ मानूस न्हाय."

फोन ठेवला तेव्हा वैशाली माझ्याकडं बघत होती. तिनं दुकानाच्या किल्ल्या तेवढ्या समोर ठेवल्या.

सकाळी मी गोणी घेऊन आबांच्या ओट्यावर गेलो. ते अंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून, कुठंही जायचं नसल्यासारखे बसले होते. मी गोणी उघडली आणि तो शेपटीवाला चौकोन त्यांच्यासमोर ठेवला. तो उभाच राहिला.

आणि मी बोलू लागलो. किती बोललो! गरम पाण्यानं लोकरीचे धागे कसे एकमेकांत गुंततात ते सांगितलं. बटणांवरची चित्रं नीट कळत नाहीत म्हणालो. कंपनीनं हे झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहायला पाहिजे म्हणालो. माझा हेतू चांगला होता, हे तर पुन्हा पुन्हा म्हणालो. मुकादमचं नाव घेतलं, पण 'गैरसमज झाला' अशा शब्दांत, जणू तो गैरसमज कालव्यातून वाहत आला होता. सगळं सांगितलं. माफी तेवढी मागायची राहिली. ते माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

आबा माझ्याकडं बघत नव्हते. त्यांनी घोंगडं मांडीवर घेतलं. कान शोधला. शेपटीचा कोपरा बोटांनी चाचपला. मग डोळे मिटून नाकाशी नेलं. पुन्हा उलटं करून, दुसऱ्या बाजूनं हुंगलं. मधोमध नाक खुपसलं.

"मोगरा," ते म्हणाले.

मी रिकाम्या गोणीची घडी घालू लागलो.

"आटलं त्याचं काय न्हाय, प्रकाशराव. बा आमचा ह्याच्यात हुता. आता कुटंच न्हाय."

काकूंचा रेडिओ पलीकडं वाजत होता. आबा उठले, घोंगडं काखेत घातलं, टोपी डोक्यावर ठेवली. "दुकानाचा टेम्पो काढा. मुहूर्त गाठाय पायजे."

"आबा, हे न्यायचं? ह्याच्यावर दोघं मावणार नाहीत."

"घरचं हाय का न्हाय? मग?"

वरकुट्याच्या मांडवात आबांनी तो चौकोन बोहल्यावर स्वतःच्या हातानं ठेवला. सगळे वाकून बघू लागले. नवरदेवाच्या मामांनी विचारलं, "भिवाआबा, हे काय आणलं म्हणायचं?"

"घोंगडं हाय. घरच्या मेंढरांचं."

"एवढंसं?"

"म्हातारपणी मानूस आखडतं. हे बी आखडलं."

"आन् ही शेपूट?"

"मेंढराला आसती," आबा म्हणाले. "तुमच्यातल्या मेंढरांना न्हाय व्हय?"

मांडव हसला. नंदा आणि नवरदेव त्यावर बसले. अर्धा अर्धा गुडघा आणि बाकी सगळं जमिनीवर. घोंगडं इतकं फुगीर झालं होतं, की दोघंही आतल्या बाजूला कलत होते आणि एकमेकांना धरल्याशिवाय तोल राहत नव्हता. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "ग्वाड वास येतोय गं. कशाचा?" कुणी तरी म्हणालं, नवरीच्या गजऱ्याचा. मी मागच्या खांबाशी उभा होतो, आणि मुकादमवर आळ येऊन मी गप्प राहिलो होतो तसाच पुन्हा गप्प राहिलो. आबांनीही कुणाला सांगितलं नाही. त्यांनी मला सांभाळून घेतलं, आणि हे सांभाळून घेणं मला सहन होत नव्हतं.

लग्नानंतर आबा बारामतीच्या घरात फार दिवस राहिले नाहीत. सामानासकट वरकुट्याला परतले, आणि पुढच्या थंडीत तिथंच वारले. पण लग्नाच्या दिवशी परतताना टेम्पोत ते माझ्या शेजारी बसले होते. बारामती जवळ आल्यावर म्हणाले, "घरी नगं. कन्हेरीला घ्या."

भाच्याच्या वस्तीवर मुकादम उसाच्या कडेला पाटाच्या ओल्या मातीत झोपला होता. चांगला जाड झाला होता. आम्हाला पाहून उठला आणि आधी माझ्याकडं आला. आबा टेम्पोतून सावकाश उतरले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि लग्नाचं धोतर न आवरता मातीत उकिडवे बसले.

"मुकादम," ते म्हणाले, "मी तुला चोर म्हनलो. चार लोकांत जबडा उघडला तुझा. चूक झाली माझी." मग हात जोडले. भाचा हातातलं खोरं तसंच धरून बघत राहिला. कुत्र्यानं जांभई दिली.

आबा गुडघ्यावर हात टेकून उठले. माझ्याकडं बघून म्हणाले, "आता तुमी."

मी आजूबाजूला पाहिलं. मग बसलो. मी हळू आवाजात काहीतरी पुटपुटलो.

"मोठ्यांदा. वारा हाय. ऊस वाजतोय, त्याला ऐकू जात न्हाय."

"मुकादम, घोंगडं तू नेलं नव्हतंस. ते मी धुतलं, मी लपवलं, आणि तुझं नाव सांगितलं. मला माफ कर."

मुकादमनं माझा हात चाटला आणि सावलीला गेला. मी तसाच बसून राहिलो. वर पाहिलं, तर आबा टोपीवरची माती झटकत होते, तोंड उसाकडं करून. मला वाटलं, ते वाट बघतायत, पण मला तसं दिसू देत नाहीत. मी मातीतच त्यांच्याकडं वळलो. मशीनचं, बटणाचं, चांगल्या हेतूचं, काहीच आठवलं नाही.

"आबा," मी म्हणालो, "माझं चुकलं. मला माफ करा."